आपल्या मोरीतलं पाणी कुणाच्या वजूला जातं?

दोन दिवसांआड सोलापूरहून अम्मीचा फोन येतो. आधी तब्येत, मग नातवंडं आणि शेवटी पाणी. सोलापूरकरांच्या बोलण्यात पाण्याचा विषय निघाला नाही असं होत नाही. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर ती म्हणाली, "पानी आया, मगर बू आ री." पाच दिवसांनी नळ आलेला आणि पाण्याला कुबट वास. पिण्यापुरतं तिनं उकळून ठेवलं. वजूचं पाणी कोण उकळणार? ते तसंच वापरलं.

फोन कानाला लावून मी तेव्हा पुण्यात, कोंढव्यातल्या घरी मशिनमध्ये पावडर टाकत होते. एक चमचा शिगोशिग आणि कपडे 'छान निघावेत' म्हणून वर थोडी आणखी. हात मध्येच थांबला. कारण भूगोल मला माहीत होता, फक्त तो कधी जोडून पाहिला नव्हता. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेत जातं. काही शुद्ध होऊन, काही तसंच. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात साठते आणि उजनीचं पाणी सोलापूरला जातं. म्हणजे माझ्या मोरीतून गेलेलं पाणी फिरून अम्मीच्या बादलीत येतं. याच भीमेला पंढरपुरात चंद्रभागा म्हणतात. तिथे स्नान करणाऱ्या वारकऱ्यालाही माझ्या पावडरचा वाटा मिळतोच.

कपड्याच्या पावडरमध्ये मळ काढणारं रसायन असतं, सोडा असतो आणि काहींमध्ये फॉस्फेट असतं. फॉस्फेट जड पाणी मऊ करतं, त्यामुळे बोअरच्या पाण्यातही कपडे निघतात. पण तेच धरणात पोचलं की खत बनतं. शेवाळ माजतं, जलपर्णी पसरते. मग ते सगळं मरून कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि पाण्याला वास येतो. उजनीच्या हिरव्या पाण्याचा सगळा दोष पावडरचा आहे असं मी म्हणणार नाही. मैलापाणी आहे, कारखाने आहेत, शेतातून वाहून येणारं खत आहे. पण माझा वाटा लहान आहे म्हणून तो माझा नाही, असं कसं म्हणू? युरोपीय संघानं २०१३ पासून घरगुती पावडरमधल्या फॉस्फरसवर कडक मर्यादा घातली. तिथले कपडे त्यानंतर काही मळके राहिलेले नाहीत.

दुसरी गोष्ट फेसाची. फेस जास्त म्हणजे कपडा स्वच्छ, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. खरं तर मळ फेसानं निघत नाही. फेस फक्त दिसतो. तिसरी गोष्ट शुभ्रतेची. बऱ्याच पावडरींत चमक आणणारं द्रव्य असतं. ते मळ काढत नाही, कापडाला चिकटून बसतं आणि उन्हात निळसर उजेड परत फेकतं, म्हणून कपडा जास्त पांढरा भासतो. आपल्या आज्या नीळ घालायच्या, त्याचाच हा नवा प्रकार. जुम्म्याला घातलेला कुर्ता डोळे दिपवतो, तेव्हा ती पाकी असेलच असं नाही. तो रंगही असू शकतो.

आणि पाकीचा प्रश्न आपल्या घरात येतोच. अम्मी आजही कपडे तीन पाण्यांतून काढते, प्रत्येक वेळी घट्ट पिळून. मशिन आलं तरी आपण त्याच विचारानं एकदा जास्तीचं खळबळतो. पण तीन पाण्यांचा दंडक नजासतीसाठी आहे, फेसासाठी नाही. आपण पावडर दुप्पट टाकतो, मग तो फेस निघावा म्हणून बादल्यांवर बादल्या ओततो आणि त्याला तहारत म्हणतो. हदीसमध्ये येतं की पैगंबर साहेब एका मुद्द पाण्यात वजू करत. म्हणजे लिटरभर, थोडं इकडेतिकडे. त्यांचं नाव घेणाऱ्यांनी फेस घालवायला पन्नास लिटर पाणी सांडावं, याला इसराफ नाही तर काय म्हणायचं?

कुणी म्हणेल, साबणाचा फेस काही नजासत नाही, त्यानं पाणी नापाक होत नाही. बरोबर आहे. पण नापाक नाही म्हणजे दुसऱ्याच्या घरी पाठवायला योग्य, असं होत नाही. हा प्रश्न हुकूकुल-इबादचा आहे, खालच्या गावच्या माणसाच्या हक्काचा.

मग घ्यायचं काय? हिरवं पाकीट आणि त्यावरचं पान बघून भुलू नका. पान कुणीही छापतं. केंद्र सरकारनं १९९१ मध्ये पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या वस्तूंसाठी इकोमार्क आणला, त्याचं चिन्ह मातीचं मडकं. मी आमच्या दुकानात पाकिटं उलटीपालटी करून पाहिली, ते मडकं एकावरही दिसलं नाही. तेव्हा निदान एवढं पाहावं : फॉस्फेट नसल्याचं स्पष्ट लिहिलंय का, आत काय आहे ते सांगितलंय का, सुगंध आणि चमकेचीच जाहिरात तर नाही ना. रिठा उत्तम आहे, रेशमी आणि लोकरी कपड्यांना तर फारच. पण तोही निरुपद्रवी नाही. रिठ्याचं पाणी माशांना मारक असतं. नैसर्गिक आहे म्हणून कितीही ओतावं, असं नसतं.

महागडी 'इको' बाटली प्रत्येक घराला परवडणार नाही, हे मला कळतं. पाच माणसांचं घर रिक्षावर चालवणाऱ्याला मी ती घ्यायला सांगणार नाही. पण पावडर निम्मी करायला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात. मी चमचा अर्धा केला. कॉलर आणि बाह्या आधी हातानं घासते, मळका कपडा तासभर भिजवते. एका वापरात न मळलेला कपडा दोरीवर टाकून पुन्हा घालते. तीन महिने झाले, घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हे अम्मीला सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, तुझ्या अर्ध्या चमच्यानं उजनी साफ होणार का? नाही होणार. त्यासाठी पुण्याचं सगळं सांडपाणी शुद्ध होऊनच नदीत गेलं पाहिजे आणि ते आपण मतं मागायला येणाऱ्यांना विचारलंही पाहिजे. पण तो प्रश्न विचारायला उभी राहीन, तेव्हा माझा स्वतःचा चमचा शिगोशिग भरलेला नसावा.