शिक्षण अर्ध्यावर सोडताना हिशेब कोणाचा?

जून-जुलैत कॉलेजं सुरू होतात आणि दिवाळीनंतर मुली गळायला लागतात. पहिल्या सत्राची परीक्षा झालेली असते, फीचा दुसरा हप्ता मागायला सुरुवात झालेली असते आणि लग्नसराई तोंडावर आलेली असते. 'तिचंच मन लागत नाही', 'एस.टी.चे फार हाल होतात', 'दोघांची फी एकदम झेपत नाही, मुलाचं शेवटचं वर्ष आहे', अशी कारणं सांगितली जातात. शाळेतल्या मुलींच्या गळतीवर आपण स्त्री-संघटनांनी शिबिरं घेतली, पथनाट्यं केली. कॉलेजातल्या गळतीबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. मुलगी बारावी झाली की ती सुटली, असं आपणही मनातून धरून चालतो.

खरं तर अडचण तिथेच सुरू होते. आपल्या राज्यात मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो तो बारावीपर्यंत. पुढे सवलत आहे, पण पास विकत घ्यावा लागतो. मुलगी अठरा वर्षांची झालेली असते, त्यामुळे लग्न ठरलं तरी २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा तिच्या कामाचा राहत नाही. कायद्याने ती सज्ञान असते, पण स्वतःच्या शिक्षणाच्या निर्णयात तिला कोणी सज्ञान धरत नाही. निर्णय घरात होतो आणि तिला कळवला जातो.

शिक्षण अर्ध्यावर सोडणं नेहमीच चूक असतं, असं मला म्हणायचं नाही. ज्या अभ्यासक्रमातून पुढे काहीच दिसत नाही तो रेटत राहण्यापेक्षा तो सोडून नर्सिंगला किंवा आय.टी.आय.ला जाणं शहाणपणाचं ठरू शकतं. माझा आक्षेप हिशेबाला आहे. मुलीचं शिक्षण थांबवताना घरात जो हिशेब मांडला जातो, तो त्या वर्षीच्या खर्चाचा असतो. मुलीचं त्यात काय जातं याची रक्कम कोणी लिहीतच नाही.

एक साधं गणित करून पाहू. आकडे धरलेले आहेत, प्रत्येकीने आपापले घालावेत. समजा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मुलगी कॉलेज सोडायच्या विचारात आहे. राहिलेल्या दीड वर्षाचा फी, पास, वह्या-पुस्तकांचा खर्च ३०,००० रुपये. सोडून कापडाच्या दुकानात लागली तर महिना ८,००० रुपये, म्हणजे दीड वर्षात १,४४,००० रुपये. शिकत राहिली तर घराला एकूण १,७४,००० रुपयांची झळ बसते. गरीब घराला ही रक्कम लहान नाही, आणि ती लहान आहे असं आपण कार्यकर्त्यांनी कधी म्हणू नये. आता दुसरी बाजू. पदवी हातात आल्यावर तिला ८,००० ऐवजी १२,००० रुपये मिळाले, तर वर्षाला ४८,००० रुपये जास्त येतात. तीन वर्षं आठ महिन्यांत सगळी झळ भरून निघते. त्यापुढची सगळी वर्षं नफ्याची.

हे गणित उलटंही पडू शकतं. नुसत्या पदवीने पगारात काहीच फरक पडणार नसेल, तर झळ भरून निघत नाही. म्हणून प्रश्न 'शिकायचं की सोडायचं' एवढाच नसतो. 'या शिक्षणातून नेमकं कोणतं काम मिळणार' हाही असतो. तलाठी, पोलीस उपनिरीक्षक, बँकेतला लिपिक यांच्या जाहिरातींत पदवी मागतात. बी.एड.ला जायचं तरी आधी पदवी लागते. पोलीस शिपाई आणि अंगणवाडी सेविका यांना बारावी पुरते. मुलीला यातलं काय करायचं आहे, हे तिला विचारल्याशिवाय गणित पुरं होत नाही.

शिवाय या गणितात एक खोट आहे, ती आपण बायकांनी ओळखायला हवी. कॉलेज सोडलेली मुलगी १,४४,००० रुपये मिळवील असं आपण धरलं. प्रत्यक्षात किती मुलींना कॉलेज सोडवून नोकरीला लावलं जातं? बहुतेकींना घरी बसवतात आणि स्थळं पाहायला लागतात. मग उत्पन्न शून्य, आणि वाचलेले तीस हजार मंडपात जातात. म्हणजे 'परवडत नाही' म्हणून शिक्षण थांबलं, पण पैसा काही वाचला नाही. तो फक्त दुसरीकडे खर्च झाला.

आता याच्याच जोडीला एक नवी गोष्ट आली आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी मध्येच सोडण्याची सोय केली. एक वर्ष पुरं केलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा व्यवसाय अभ्यासक्रम केला की सर्टिफिकेट मिळतं. बाहेर पडलेलीला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. कागदावर ही सोय चांगली आहे. बाळंतपण, आजारपण, घरातलं एखादं संकट, यामुळे ज्यांचं शिक्षण तुटत होतं त्यांचं केलेलं वर्ष आता फुकट जाणार नाही.

पण आपल्याकडे कोणतंही दार उघडलं की त्यातून आधी कोणाला बाहेर काढतात, हे आपण पिढ्यान्पिढ्या पाहत आलो आहोत. 'एक वर्ष झालं, सर्टिफिकेट मिळालं, आता पुरे' हे वाक्य घराघरांत मुलाला ऐकवलं जाणार नाही, मुलीला ऐकवलं जाईल. पूर्वी मुलीला काढायचं तर 'शिक्षण अर्धवट सोडलं' असा शब्द लागायचा, त्याची थोडी तरी लाज वाटायची. आता ती लाजही गेली. त्या एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर कोणती नोकरी मिळते? वर सांगितलेल्या जाहिराती बारावी मागतात किंवा पदवी मागतात. मधल्या कागदाला त्यांत जागा नाही.

परत येण्याचंही तसंच आहे. तीन वर्षांची मुदत म्हणजे लग्न, पहिलं मूल आणि ते मूल पायावर उभं राहीपर्यंतचा काळ. त्या काळात कोणती सून कॉलेजात परत जाते? त्यातून पैशाची वाट वेगळीच. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. ही मोठी गोष्ट आहे. पण वसतिगृह, खाणावळ, प्रवास हा खर्च त्यात येत नाही, आणि बाहेरगावच्या मुलीचा खरा खर्च तोच असतो. शिवाय राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीच्या अटींत अभ्यासक्रमात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. म्हणजे आयोग म्हणतो तीन वर्षांत या आणि शिष्यवृत्ती म्हणते दोन वर्षांचा खंड नको. या दोहोंच्या मधल्या फटीत पडणारी मुलगीच असणार.

कर्ज काढून शिकणाऱ्या मुलींची गोष्ट तर आणखी अवघड. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्त्यांना सवलत असते ती अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत आणि पुढे एक वर्ष. कॉलेज सोडलं म्हणून कर्ज सुटत नाही, व्याज चालूच राहतं. गप्प बसलं तर खातं थकीत होतं आणि आईला बचत गटाबाहेरचं कोणतंही कर्ज मिळणं कठीण होतं. अडचण आपल्या हाताबाहेरची असेल तर बँकेला मुदत वाढवून देता येते, पण त्यासाठी वेळेवर लेखी अर्ज करावा लागतो. हे मुलीला कोणी सांगत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, नुसतं 'मुली शिकवा' म्हणून भागणार नाही. आपल्या गटांनी चार कामं हाती घ्यावीत असं मला वाटतं.

पहिलं, दिवाळीनंतर गावातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलींची आणि त्यांच्या आयांची एक बैठक घ्यावी. कागद-पेन्सिल घेऊन वरचा हिशेब प्रत्येकीचा मांडावा. हिशेबात मुलाच्या शिक्षणाचा आणि लग्नाचा खर्चही शेजारी लिहावा. आकडे शेजारी आले की पुष्कळशा 'परवडत नाही'चा अर्थ कळतो.

दुसरं, सोडायचंच ठरलं तर मुलीने मोकळ्या हाताने बाहेर पडू नये. गुणपत्रिका, सोडल्याचा दाखला, क्रेडिटची नोंद आणि अनामत रक्कम घेऊनच निघावं. मूळ कागदपत्रं कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत. आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत प्रवेश रद्द केला तर ८० टक्के फी परत मिळते, ३० दिवसांत ५० टक्के, आणि त्यानंतर काही नाही. म्हणजे ज्या मुलीचं मन पहिल्याच महिन्यात उठलं आहे तिने दिवाळीची वाट पाहू नये.

तिसरं, लग्नानंतर शिकू न देणं ही घरगुती बाब नाही, हे ठासून सांगावं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालच्या तक्रारीच्या नमुन्यात शाळा-कॉलेजात जाण्यापासून रोखणं हा छळाचा प्रकार म्हणून नोंदलेला आहे. लग्न ठरवतानाच 'पदवी पुरी करू देऊ' असं बोलणं चार माणसांसमोर व्हावं, आणि फी कोण भरणार हेही.

चौथं, सरकारकडे मागणी. परत येण्याची मुदत आणि शिष्यवृत्तीतला खंड या दोन्ही अटी जुळवून घ्याव्यात. बाळंतपणाचा काळ खंडात धरू नये. मध्येच बाहेर पडणाऱ्यांची संख्या प्रत्येक विद्यापीठाने मुली-मुलगे अशी वेगळी जाहीर करावी. या दाराचा उपयोग कोण करतं, हे मग आकड्यांतच दिसेल.

आणि ज्यांची मुदत टळून गेली त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तिथे घर-संसार सांभाळून पदवी पुरी करता येते. आपल्या गटात चाळिशीच्या किती जणी एका वर्षावर, दोन वर्षांवर थांबलेल्या आहेत, हे पुढच्या बैठकीत विचारून पाहा. त्यांचा राहिलेला हिशेबही पुरा व्हायला हवा.