मागच्या चाकांवरचा खोटा आळ

मिनेसोटा, मिशिगन, ओंटारिओ अशा बर्फाळ मुलखात नव्याने गेलेल्या मराठी माणसाला घर आणि किराणा यांच्यानंतर तिसरा सल्ला मिळतो तो गाडीचा. "काय वाट्टेल ते घे, पण रिअर व्हील ड्राइव्ह घेऊ नकोस. स्नोमध्ये मागून फिरते." सांगणाऱ्या काकांनी तिथे बरेच हिवाळे काढलेले असतात, त्यामुळे उलट बोलायची सोय नसते. मग तो मुलगा स्वस्तात मिळणारी चांगली सेडान सोडून देतो, कर्ज काढून ऑल व्हील ड्राइव्हची उंच गाडी घेतो आणि तिच्यावर कारखान्यातून आलेले ऑल सीझन टायर तसेच ठेवून पहिल्या हिमवादळात हायवेवर उतरतो. काकांचा सल्ला निम्मा खरा आहे. गाड्या रस्त्याकडेच्या चरात जातात त्या उरलेल्या निम्म्यामुळे.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही त्याच चाकांच्या डोक्यावर बसलेले असतात. गाडीचं सुमारे साठ टक्के वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं आणि वजन आलं की पकड येते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या सेडानमध्ये हा वाटा पन्नास टक्क्यांच्या आसपास असतो, रिकाम्या पिकअपमध्ये त्याहूनही कमी. शिवाय पुढची चाकं घसरली तर गाडी वळायचं नाकारून सरळ जात राहते. घाबरलेला माणूस अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो आणि पुष्कळदा तेवढ्यानेच गाडी सावरते. मागची चाकं घसरली तर मागची बाजू पुढे यायला बघते आणि गाडी गिरकी घेते. तिथे नुसता पाय काढून भागेलच असं नाही, स्टिअरिंग उलट फिरवावं लागतं, आणि तेही वेळेत. हे सगळं मला मान्य आहे.

पण ही कुप्रसिद्धी कोणत्या गाड्यांनी मिळवली? सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या लांबलचक अमेरिकन सेडान, पुढे अवजड इंजिन, मागे हलकी डिक्की, ना एबीएस ना स्टॅबिलिटी कंट्रोल. गिरकी सुरू होताच एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करणारी ही दुसरी यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमधून बाजारात आली आणि २०१२ च्या मॉडेलपासून अमेरिकेत प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीची झाली. काकांची साक्ष खरी आहे, पण आरोपी आता तो राहिलेला नाही. अर्थात ही यंत्रणा पकड निर्माण करत नाही. असलेली पकड वाया जाऊ देत नाही, एवढंच. पकड येते ती रबरातून, आणि माझं म्हणणं तिथेच आहे.

थोडं गणित करू. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर साध्या टायरच्या घर्षणाचा गुणांक ०.२ धरा. निम्मं वजन मागे असलेली रिअर व्हील गाडी अशा रस्त्यावर फार तर दहा टक्क्यांचा चढ चढेल, म्हणजे दहा मीटरला एक मीटर. चारही चाकं फिरवणारी गाडी वीस टक्क्यांचा चढेल. फरक दुपटीचा आहे आणि तो मी लपवणार नाही. चांगल्या हिवाळी टायरने गुणांक ०.३ वर नेला, तर रिअर व्हील गाडी पंधरा टक्के चढते. शहराच्या रस्त्यांवर याहून उभा चढ क्वचितच लागतो.

आता सपाट रस्त्यावर उतरा. ताशी ५० किलोमीटरवरून ब्रेक दाबला तर कोरड्या डांबरावर गाडी बारा-तेरा मीटरमध्ये उभी राहते. ०.२ च्या बर्फावर तिला एकोणपन्नास मीटर लागतात, ०.३ वर तेहतीस. हिवाळी टायरवाली गाडी जिथे थांबलेली असते, तिथून दुसरी गाडी अजून ताशी जवळजवळ २९ किलोमीटरने पुढे जात असते, आणि समोर शाळेची बस असू शकते. या हिशेबात इंजिन कोणती चाकं फिरवतं हा प्रश्न कुठेच आला नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. थांबण्यापुरत्या सगळ्याच गाड्या फोर व्हील. ऑल व्हील ड्राइव्हचं कौतुक करणारे निघण्याबद्दल बोलतात, थांबण्याबद्दल गप्प बसतात. उलट ती गाडी इतकी सहज निघते की रस्ता किती निसरडा आहे हे चालवणाऱ्याला कळतच नाही. कळतं ते पहिल्या सिग्नलला. रिअर व्हील गाडी पार्किंगमधून निघतानाच शेपूट हलवून सांगते. मला हा तिचा गुण वाटतो, आणि हे म्हणताना भलेभले माझ्याकडे संशयाने बघतात.

साक्षीदार हवेत? व्होल्वोची २४० ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी १९७४ ते १९९३ अशी तयार होत होती. स्वीडनमधल्या कुटुंबांनी तिच्यातून मुलं शाळेत सोडली, आणि तिथल्या हिवाळ्याबद्दल काही सांगायला नको. जपानमध्ये सप्पोरो शहरात एका हिवाळ्यात एकूण सुमारे पाच मीटर बर्फ पडतो. टोयोटाची क्राउन कम्फर्ट ही रिअर व्हील टॅक्सी तिथेही धावत आली. जपानने १९९० मध्ये खिळ्यांच्या टायरविरुद्ध कायदा केला, कारण खिळ्यांनी रस्ते खरवडून उठणारी धूळ शहरांच्या छातीत जात होती. म्हणजे या टॅक्सींना खिळ्यांचाही आधार उरला नव्हता. होतं ते फक्त मऊ रबर. आणि कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे केले, तेव्हा कायद्याने ड्राइव्ह कोणता हे विचारलंच नाही. १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात तिथल्या ऑल व्हील ड्राइव्हलाही माफी नाही.

यावर पुढचा आक्षेप येतो तो टायरच्या कडेला बोट ठेवून: "माझ्या टायरवर एम प्लस एस लिहिलंय, म्हणजे चिखल आणि बर्फ दोन्ही आले." ही अक्षरं म्हणजे निर्मात्याने स्वतःच दिलेलं प्रशस्तिपत्र आहे. नक्षीत खाचा पुरेशा आणि ठरल्या पद्धतीच्या असल्या की ती छापता येतात; टायर बर्फावर चालवून बघण्याची अट त्यात नाही. बघायचं ते चिन्ह वेगळं: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. अमेरिका आणि कॅनडातल्या रबर उत्पादकांच्या संघटनांनी ते १९९९ मध्ये आणलं, आणि ते मिळवायला प्रमाण टायरपेक्षा किमान दहा टक्के जास्त पकड बर्फावर दाखवावी लागते. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या एम प्लस एसला हिवाळी टायर मानतच नाहीत. या चिन्हाच्याही भजनी लागू नका. अमेरिकी पद्धतीत त्याची चाचणी दाबलेल्या बर्फावर, सरळ रेषेत, वेग घेताना होते. वळणं, ब्रेक आणि काचेसारखा गोठलेला रस्ता यांचा त्यात समावेश नाही. युरोपात २०२१ पासून टायरच्या लेबलावर गोठलेल्या रस्त्यासाठी वेगळं चिन्ह आलं ते म्हणूनच.

नक्षीपेक्षाही महत्त्वाचं आहे रबर. थंडीत रबर ताठ होतं. रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरून धरायला लागणारा मऊपणा ते गमावतं. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका भरपूर असते आणि ते उणे वीसलाही लवचिक राहतं. ऑल सीझनचं मिश्रण जुलैच्या तापलेल्या हायवेवरही टिकायला हवं, म्हणून ते मधलं काहीतरी असतं. सात अंशांच्या खाली गेलात की हिवाळी टायर लावा, या आकड्याचा टायर कंपन्यांनी मंत्र करून ठेवला आहे. सहाला काही आकाश कोसळत नाही, पण दिशा बरोबर आहे. हिवाळी टायरच्या ठोकळ्यांवर शेकडो बारीक चिरा असतात. प्रत्येक चिरेची कड बर्फात रुतते, आणि खाचांत दाबून बसलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो. पोरं बर्फाचा गोळा करतात तेव्हा बर्फ बर्फाला चिकटतो, तेच इथे कामाला येतं. स्पोर्टी रिअर व्हील गाड्यांना कारखान्यातूनच उन्हाळी टायर मिळतात, त्यांची गोष्ट तर वेगळीच. कडक थंडीत ते रबर प्लॅस्टिकसारखं होतं, त्याला तडेही जाऊ शकतात. अशी गाडी घसरली की नाव मागच्या चाकांचं बद्दू होतं.

आता आपल्या लोकांचा आवडता तोडगा: "गाडी मागच्या चाकांवर चालते ना? मग मागे दोनच हिवाळी टायर घालू." याच्याइतकी घातक काटकसर दुसरी नसेल. मागे पकड, पुढे गोटा, अशी गाडी जोरात निघते आणि मग ना वळते ना थांबते, कारण ब्रेक दाबताच वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढचीच चाकं करतात. फ्रंट व्हील गाडीत हाच उद्योग उलटा केला, म्हणजे फक्त पुढे हिवाळी टायर घातले, की ती गाडीसुद्धा रिअर व्हीलसारखी गिरकी घेते. चार, नाहीतर नाही.

डिक्कीत वाळूची पोती टाकण्याचा सल्ला पिकअपवाल्यांकडून आला आहे. रिकाम्या पिकअपला तो थोडा लागू पडतो. सेडानच्या डिक्कीतलं वजन मागच्या आसाच्याही मागे पडतं. त्याने पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी एकदा फिरू लागली की आणखी फिरते. वाळूचं एक लहान पोतं जरूर ठेवावं, पण अडकलेल्या चाकाखाली पसरायला.

रुंदीबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण नेमक्या रिअर व्हील गाड्यांवरच मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर देण्याची फॅशन आहे. रुंद टायर म्हणजे जास्त पकड हे कोरड्या रस्त्यावर बऱ्याच अंशी खरं आहे. ताज्या बर्फात उलटं होतं: रुंद टायर बर्फावर तरंगतो, समोर बर्फाचा बांध ढकलत राहतो, अरुंद टायर बर्फ कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. टायर जमिनीला किती टेकतो ते मुख्यतः वजन आणि हवेच्या दाबावर ठरतं, त्यामुळे अरुंद टायरचा टेकलेला ठसा रुंदीला कमी पण लांबीला जास्त असतो, आणि बर्फात ते उपयोगी पडतं. म्हणून हिवाळ्यासाठी एक इंच लहान रिम, चारही चाकांना एकच अरुंद माप आणि उंच कडेचे टायर घ्यावेत. माप गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या पर्यायांतलं हवं, शिवाय ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासत नाही हे बघून घ्यायला हवं. चारही सारखे असले की पुढचे-मागचे अदलाबदलही करता येतात. रिअर व्हील गाडीत मागचे टायर लवकर झिजतात, तेव्हा हा फायदा लहान नाही. गाडी दिसायला जरा पोरकी दिसते, ते चालवून घ्यायचं. खिळ्यांच्या टायरचा प्रश्न पुष्कळ ठिकाणी कायद्यानेच सोडवला आहे: मिनेसोटात रहिवाशांना बंदी, ओंटारिओत फक्त उत्तर भागात परवानगी.

हा वाद जुन्या सेडानपुरता असता तर मी एवढी शाई घालवली नसती. पण विजेच्या गाड्यांनी मागची चाकं पुन्हा आणली आहेत. टेस्लाची मॉडेल ३, फोक्सवॅगनची आयडी.४ यांच्या एकमोटरी आवृत्त्या मागची चाकं फिरवतात. खुद्द व्होल्वोने २०२३ मध्ये, पंचवीस वर्षांनी, पुन्हा रिअर व्हील गाडी आणली. पुढे जड इंजिन नसल्याने या गाड्यांत मागे निम्मं किंवा त्याहून जास्त वजन पडतं, म्हणजे पूर्वपक्षाचा पहिला मुद्दाच निकालात निघतो. एक नवी खोड मात्र आहे. पाय काढताच मोटर ब्रेकसारखी वागते, आणि ती फक्त मागच्या चाकांवर. गोठलेल्या वळणावर एकदम पाय काढला तर मागची बाजू सुटू शकते. ज्या गाडीत मोटरचं हे ब्रेक लावणं, म्हणजे रीजेन, कमी करता येतं, तिथे बर्फात ते कमी ठेवावं.

ऑल व्हील ड्राइव्ह कुणी घ्यावी? ज्याच्या घरापर्यंतचा उभा रस्ता दुपारपर्यंत कुणी साफ करत नाही, त्याने. बे एरियातून दर शनिवारी ताहोला स्कीईंगला जाणाऱ्यानेही, कारण कॅलिफोर्नियात डोंगरातल्या रस्त्यांवर साखळ्यांचा आरटू हा नियम लागू झाला की बाकीच्यांना साखळ्या चढवाव्याच लागतात. चारही चाकं फिरवणाऱ्या गाडीला सूट आहे, पण तीसुद्धा चारही टायर बर्फाचे असतील तरच.

राहता राहिला खर्च. टायरचे दोन संच आलटून पालटून झिजतात, त्यामुळे प्रत्येक संच जास्त वर्षं जातो. वेगळ्या रिमवर बसवून ठेवले की दरवेळी टायर उतरवण्याची मजुरी वाचते. ओंटारिओत २०१६ पासून विमा कंपन्यांना हिवाळी टायरवाल्याला सवलत द्यावीच लागते. जुने टायर स्वस्तात घेत असाल तर नक्षीची खोली मोजा. ऑस्ट्रियाच्या कायद्यात चार मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर हिवाळी धरत नाहीत, आणि ती रेघ शहाणपणाची आहे. हवाही बघा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की सुमारे एक पीएसआय कमी होते, म्हणजे पंधरा अंशांच्या गॅरेजमध्ये बरोबर मोजलेली हवा बाहेर उणे पंधरात पाच-साडेपाचने कमी भरते.