शेजाऱ्याचा गोठा

खेडेगांवांत शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या भांडणांचीं कारणें मोजूं गेलें तर बांध पहिला, सांडपाण्याची मोरी दुसरी आणि गोठा तिसरा. बांधाच्या भांडणांत निदान मोजणीदार येऊन हद्द दाखवितो. वासाला मोजणी नाहीं. ज्याच्या नाकाशीं येतो तो म्हणतो जीव गेला, आणि ज्याचीं गुरें आहेत तो म्हणतो, शेण आहे, विष नव्हे. या भांडणांत आम्ही स्वतः पडलों होतों आणि आरंभीं चुकलों होतों, म्हणून हे चार शब्द.

आमच्या घराच्या मागल्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचा गोठा आहे. त्यांना सारा गांव आबा म्हणतो, आम्हीही म्हणतों. गोठ्यांत चार जनावरांची जागा आणि बांधलेलीं अकरा. मोठ्या जनावराला छपराखालीं ३५ ते ४० चौरस फूट जागा लागते. आबांच्या गोठ्यांत एक बसलें कीं दुसऱ्याला उभेंच राहावें लागे. पावसाळ्यांत शेण आणि मूत एकांत कालवून चिखल होई, भिंत ओली होऊन आमच्या बाजूचे पोपडे पडत, डोळे चुरचुरत. ताटांत माशा, पाळण्यावर माशा. बहीण बाळंतपणाला माहेरीं आली होती. तिचें तान्हें मूल जुलाबानें आठ दिवस हैराण झालें. त्या रागांत आम्हीं पंचायतीकडे अर्ज लिहिला.

अर्ज लिहिणें हा आमच्या हातचा मळ. आठ दिवसांत आबांना नोटीस आली कीं सात दिवसांत गुरें हलवा. कचेरीची ही चपळाई पाहून आम्हांला आनंद झाला, आणि मग लाज वाटली. कारण गांवाच्या वेशीपाशीं एका पुढाऱ्याचा तीस संकरित गाईंचा गोठा आहे. त्याचें सांडपाणी ओढ्यांत जातें, आणि त्याच ओढ्यावर खालच्या आळीच्या बाया धुणें धुतात. त्याला आजवर एक चिठ्ठी गेलेली नाहीं. वडारांच्या डुकरांना नोटीस मिळते, विधवेच्या चार शेळ्यांना मिळते. वासालाही आमच्याकडे जात आणि जमीन पाहून नांव देतात: मोठ्याच्या दारीं तो दूधधंदा, लहानाच्या दारीं ती घाण. असल्या लेखणीला आम्हीं आणखी एक लहान माणूस धरून दिला.

आबांनीं बोलणें टाकलें. त्यांची गाय व्याली तरी आमच्या घरीं चीक आला नाहीं; असें पूर्वीं कधीं झालें नव्हतें. शेवटीं आमच्या मातोश्री कोणाला न विचारतां उठल्या आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मागोमाग आम्ही गेलों. आबा म्हणाले, "मास्तर, तुम्हांला वास भिंतीच्या पलीकडून येतो. मी अलीकडे निजतों. अर्ज लिहायला येतो तुम्हांला, हांक मारायला येत नाहीं?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

मग अकरा जनावरांचा हिशेब निघाला. तीन भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हां जुन्या गोठ्याचे दोन खण राहण्याच्या खोल्या झाले. गांवठाणांत दुसरी जागा नाहीं. दोन बैल म्हातारे आहेत. गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानें बंदी होती, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्या बंदींत आले. कायदा बरा कीं वाईट हा वाद येथें नको. पण तेव्हांपासून म्हाताऱ्या बैलाला बाजारांत कोणी विचारीत नाहीं, आणि त्याची वैरण शेतकऱ्याच्याच गंजींतून जाते. पुढें २०२२ सालीं लम्पीची साथ आली. गुरांचे बाजार बंद झाले, विकावयाच्या म्हणून ठेवलेल्या कालवडी दावणीलाच राहिल्या, आणि एक दुभती गाय त्या रोगानें गेली. लम्पी पसरविणारे चावऱ्या माशा, डांस आणि गोचीड. तेव्हां दाटीचा पहिला दंड शेजाऱ्याच्या आधीं धन्यालाच बसला होता.

ट्रेनिंग कॉलेजांत आम्हीं फळ्यावर माशीचें चित्र काढून चांगले गुण मिळविले होते, पण तें ज्ञान भिंतीपलीकडे कधीं नेलें नव्हतें. माशी एका वेळीं शंभराच्या आसपास अंडीं घालते, आणि उन्हाच्या दिवसांत आठ-दहा दिवसांत त्यांच्या माशा होतात. म्हणून शेण गोठ्यांत किंवा दाराशीं चार दिवसही सांचूं देऊं नये. उग्र वासाचें मूळ पुष्कळसें मुतांत आहे. तें शेणांत मुरलें कीं अमोनियाची वाफ निघते, तीच डोळ्यांना झोंबते. त्या वाफेबरोबर नत्र उडून जातें. ज्या नत्रासाठीं आपण युरियाचीं पोतीं रांगेंत उभे राहून आणतों, तेंच आपल्या गोठ्यांतून फुकट हवेंत जातें आणि शेजाऱ्याच्या नाकांत शिरतें! हें आबांना सांगितलें तेव्हां ते प्रथमच नीट कान देऊन बसले.

पुढचें काम दोन रविवारांत झालें. गोठ्यांत मुरूम चोपून मागल्या बाजूला उतार काढला, नाली केली, आणि तिच्या टोकाशीं कुंभाराकडचा रांजण पुरला. त्यांतलें मूत झाडांच्या बुंध्याला पाणी घालून जातें. दावणीखालीं कोरडा पाचोळा आणि राख. म्हाताऱ्या दोन बैलांसाठीं आबांच्या मळ्यांत सुतारानें छप्पर उभें केलें; त्यांच्यासोबत कालवडीही तिकडे गेल्या. शेण रोजचें रोज गाडींतून मळ्यांत जातें. तेथें यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनीं शोधलेल्या 'नाडेप' पद्धतीचें टांकें बांधलें: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांच्या भिंतींना हवेसाठीं भोंकें. काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर देऊन वरून लिंपावयाचें. तीन-चार महिन्यांत खत तयार होतें, आणि त्याला वास ओल्या मातीचा.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. आबांच्या घरीं शेणाच्या पाट्या आजवर बायकाच वाहत होत्या. वहिनींच्या टाळूवरचे केस विरळ झालेले आम्ही वीस वर्षें पाहतों, कारण कधीं विचारलें नाहीं. आबांचे दोन्ही मुलगे तालमींत दंड काढीत, पण फावड्याला हात लावणें त्यांना कमीपणाचें वाटे. शेण काढण्यांत कमीपणा आणि त्याच शेणावर पिकलेली भाकरी खाण्यांत मोठेपणा, हा न्याय कोठला? आम्हीं स्वतः पाटी डोक्यावर घेतली तेव्हां शाळेंतलीं पोरें पोट धरून हसलीं. हसूं द्या. तिसऱ्या दिवशीं मुलग्यांनीं आमच्या हातून पाटी काढून घेतली.

वास पुरा गेला असें नाहीं. गुरें आहेत तेथें गुरांचा वास राहणार, आणि गांवांत राहणारानें तेवढा सोसला पाहिजे. शहरांतून येऊन बंगला बांधावयाचा आणि कोंबडा आरवला म्हणून तक्रार करावयाची, हें आम्हांला मान्य नाहीं. पण भिंत सुकली, माशा कमी झाल्या, डोळे चुरचुरत नाहींत. नंतर गाय व्याली तेव्हां चिकाचें भांडें आलें.

हांक मारून सगळेच आबांसारखे उठत नाहींत. पुढाऱ्याकडेही आम्ही आधीं गेलों. चहा दिला, हंसले, "बघूं" म्हणाले. ओढा तसाच वाहतो आहे. अशा ठिकाणीं कायद्याची वाट धरण्यांत संकोच नको. मध्यप्रदेशांतील रतलामच्या रहिवाशांनीं उघड्या गटारांविरुद्ध फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमानें दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली होती. नगरपालिका म्हणाली पैसे नाहींत; सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं ती सबब मानली नाहीं. तें कलम आतां १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत १५२ वें झालें आहे. प्रांताकडे अर्ज करतां येतो, वकील लागतोच असें नाहीं.

खालच्या आळीच्या बायांनीं असा अर्ज गेल्या महिन्यांत दिला आहे. अक्षर आमचें, सह्या आणि आंगठे त्यांचे. आबांनीं आपण होऊन पहिली सही केली. पोंच आमच्यापाशीं आहे, उत्तर यावयाचें आहे.

— एक शाळामास्तर