भरतमुनींच्या नावावर खपवलेला अपूर्णांक : ८१/८०

१/९
समाजमाध्यमांवर एक तक्ता अधूनमधून फिरत असतो. त्यात बावीस श्रुती आणि प्रत्येकीपुढे एक अपूर्णांक असतो. खाली ठरलेला दावा : हे गणित भरतमुनींनी नाट्यशास्त्रात मांडले. तक्त्यातील बेरीज-गुणाकार चुकत नाहीत. दावा मात्र निराधार आहे.

२/९
आधी तो वादग्रस्त अपूर्णांक पाहू. सा ३६० कंपनांचा धरला, तर रे ४०५ वर लावता येतो आणि ४०० वरही. या दोन ऋषभांतले गुणोत्तर ८१/८०. सप्तकाचे १२०० सेंट मानले, तर हे अंतर सुमारे २१.५ सेंट भरते. पनवेलच्या एखाद्या गायनवर्गातल्या साध्या पेटीवर हे दोन्ही रे एकाच पट्टीत बुजतात. तक्ता या अंतराला भरताची ‘प्रमाणश्रुती’ म्हणतो.

३/९
नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात काय आहे? षड्जग्रामात सा ते नी या स्वरांना अनुक्रमे ४, ३, २, ४, ४, ३, २ श्रुती. मध्यमग्रामात पंचम एका श्रुतीने उतरतो. तो उतार म्हणजे प्रमाणश्रुती. पुढे सारख्या जुळवलेल्या दोन वीणा येतात. एक स्थिर ठेवून दुसरी चार टप्प्यांत उतरवायची आणि कोणता स्वर कोणाशी मिळतो ते ऐकायचे. या वर्णनात तारेची लांबी नाही, कंपनसंख्या नाही, अपूर्णांक नाही. निर्णय कानाचा आहे.

४/९
यावर उत्तर येते : आकडे लिहिले नसतील, पण वर्णनातून निघतात. निघतात का? भरताच्या मते ९ किंवा १३ श्रुतींच्या अंतरावरील स्वर परस्परांचे संवादी. या नियमाने सा, म, प, नी, ग एका साखळीत येतात. रे आणि ध एकमेकांशी बांधले जातात. उरलेल्या पाचांपैकी एकाशीही नाही. रे-प हे अंतर १० श्रुतींचे, म्हणजे संवादाहून एकने जास्त. ती एक श्रुती केवढी, हे ग्रंथ सांगत नाही.

५/९
८१/८० हे उत्तर हवे असेल, तर म-धमधल्या ७ श्रुती म्हणजे ५/४ असे आधी गृहीत धरावे लागते. गृहीतक सुरेल आहे. तंबोऱ्यातला स्वयंभू गांधार तेच गुणोत्तर ऐकवतो. परंतु भरत म-ध या जोडीला संवादी म्हणत नाही. जे आपण गृहीत धरले, तेच त्याने सिद्ध केले असे सांगणे हा इतिहास नव्हे.

६/९
तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. तो बावीस तारांची वीणा सांगतो. प्रत्येक तार आधीच्या तारेहून किंचित उंच, इतकी की मध्ये दुसरा नाद बसू नये. येथेही मोजमाप कानानेच, अपूर्णांकाविना.

७/९
मग हे गणित कोणाचे? त्यासाठी फार मागे जावे लागत नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगांना गळा दिला अब्दुल करीम खाँ यांनी. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी तोच धागा पुढे नेला आणि श्रुतींची खास पेटीही तयार झाली. १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत ती मांडली गेली, तेव्हा विष्णु नारायण भातखंडे विरोधात उभे होते. म्हणजे जे ‘सनातन सत्य’ म्हणून फिरते, ते शतकापूर्वीही जाणकारांत वादाचेच होते.

८/९
आणि गाणे? जैराजभॉय आणि स्टोन यांनी ध्वनिमुद्रणांवर मोजमापे करून १९६३ मध्ये निष्कर्ष मांडले. एकाच कलावंताच्या एकाच सादरीकरणातही एकच स्वर थोडा हलतो, असे त्यांना आढळले. राग आंदोलनांत आणि मींडेत जगतो. तक्त्यातील खिळ्यांवर तो टांगून ठेवता येत नाही.

९/९
देवलांचे गणित भरताच्या नावावर चढवल्याने दोघांवर अन्याय होतो. भरताची खरी थोरवी हरवते : आकड्यांशिवाय, केवळ दोन वीणा आणि तयार कान यांच्या बळावर इतका सूक्ष्म भेद पकडणारी पद्धत. आणि देवल, क्लेमेंट्स, खाँसाहेब यांचे कष्ट, त्यांच्या चुकांसह, पुसले जातात. प्राचीनांचा गौरव करायचा असेल, तर त्यांनी जे केले त्याचाच करावा. तक्ता पुन्हा समोर आला, तर एकच प्रश्न विचारा : हा अपूर्णांक कोणत्या श्लोकात आहे?