मनोऱ्याचा खर्च कोणाचा?

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी आगगाडी आमची कन्हान नदी ओलांडून जाते. 1893 साली याच मार्गावर एका सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक कॅथलिक नव्हते. तरीही त्यागाचा विषय निघाला की आम्ही धर्मगुरू प्रवचनात त्यांचेच नाव घेतो. आणि लक्ष्मीबाईंना वगळतो!

निर्णय टिळकांचा, ताटातूट मात्र लक्ष्मीबाईंच्याही वाट्याला आली. लहान मुलासह त्या काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो पतीमागे फरफटत नव्हे, तर जातिभेदाचा स्वतः विचार करून. मग त्यागाच्या हिशेबात त्यांची रक्कम कोठे आहे?

मनोरा बांधण्याआधी खर्च मोजावा, हा प्रभूचा दाखला आम्ही दर तिसऱ्या वर्षी रविवारच्या मिस्सेत वाचतो. खर्च मोजतो तो एकाच माणसाचा. आमच्या या कोळसापट्ट्यात एखादा भाविक खोट्या बिलावर सही नाकारतो. त्याची बढती अडते. शाळेच्या फीचा प्रश्न त्याच्या पत्नीपुढे उभा राहतो. आम्ही त्याची पाठ थोपटून धर्मगुरुनिवासात परततो. (आमचे ताट तेथे वेळेवर वाढलेले असते.) शेजारी तर त्याला मूर्खच म्हणतात, आणि तेच शेजारी हुतात्म्यांच्या सणाला मेणबत्त्या लावतात!

असे स्वस्त कौतुक आम्हांला मान्य नाही. प्रवचन आम्ही देणार असू, तर ती फीही धर्मग्रामाच्या पेटीतून गेली पाहिजे, आणि तीही त्या बाईला मागावी लागण्यापूर्वी.