आराखडे पुरेत, कायदा हवा

अग्रलेखाची जागा आतल्या पानावर असते, आणि ती सोडून पहिल्या पानावर येण्याचा मोह आम्ही सहसा आवरतो. आज तो आवरला नाही. ज्या विषयाकडे आम्ही वाचकांचे व राज्यकर्त्यांचे लक्ष वेधू इच्छितो, तो पावसाळ्यात पहिल्या पानावर येतो आणि दसऱ्यापूर्वी तेथून नाहीसा होतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे प्राणास मुकली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गेली. तेथे सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसांचा शोध अखेर थांबवावा लागला. महिना तोच, दौरे तेच, सांत्वनाचे शब्दही तेच; बदलले ते गावाचे नाव.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने तेव्हा सांगितले. ते खरेच होते, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे. ही यादी कोणी करावी, किती वर्षांनी तपासावी, यादीत नाव आल्यावर गाव किती मुदतीत हलवावे आणि न हलविल्यास जबाब कोणी द्यावा, या प्रश्नांना कोणास बांधून ठेवील असे उत्तर राज्याच्या कायद्यांत नाही. दगड कोसळण्यापूर्वी कोणाचेही कर्तव्य नसते; कोसळल्यावर मात्र सर्वांनाच ते आठवते.

राज्याने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. हवामानबदलाला तोंड देण्याचा राज्याचा कृति-आराखडा २०१४ सालीच तयार झाला. २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान चालले. मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये स्वतंत्र वातावरण कृति-आराखडा प्रसिद्ध केला. या सर्वांमागे अभ्यास आहे, चांगली माणसे आहेत. परंतु आराखडा हा सल्ला असतो. तो पाळणाऱ्याचे कौतुक होते, न पाळणाऱ्याचे काहीच होत नाही. डोंगर पोखरण्याचा परवाना देणारा अधिकारी व नाल्याच्या पात्रात इमारतीस मंजुरी देणारी नगरपालिका यांना आराखड्याची प्रत कपाटात ठेवूनही आपले काम निर्वेधपणे करता येते. पश्चिम घाटाचे उदाहरण तर सर्वांपुढे आहे. डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा; त्यानंतर २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत केंद्राने अधिसूचनेचे सहा मसुदे काढले. सहाव्याची तारीख ३१ जुलै २०२४. वायनाडचे डोंगर आदल्याच दिवशी कोसळले होते.

केंद्राकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण जमीन, पाणी, शेती, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य हे विषय घटनेने राज्यांच्या सूचीत ठेवले आहेत. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणे हा नागरिकाचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात सांगितले. अधिकार सांगितला गेला, तर त्याच्या पलीकडे कर्तव्य कोणाचे हे ठरविणे विधिमंडळाचे काम होय. ते न झाल्यास न्यायालयास करावे लागते. कांदळवनांच्या बाबतीत नेमके तसेच घडले. त्यांच्या संरक्षणाचे प्रयत्न खऱ्या अर्थाने सुरू झाले, ते २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर.

असे कायदे करण्याचे सामर्थ्य महाराष्ट्रात नाही काय? या राज्याचा इतिहास उलट साक्ष देतो. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडीत होती. दुष्काळ ओसरल्यावर ती आठवणही ओसरली असती, परंतु वि. स. पागे यांच्यासारख्यांनी चालविलेली रोजगार हमी योजना या राज्याने १९७७ साली कायद्यात उतरविली. मागेल त्यास काम द्यावयाचे, आणि न दिल्यास भत्ता द्यावयाचा, अशी ती हमी. सरकारने स्वतःच्या पायांत स्वखुशीने घातलेली ती बेडी होती, आणि म्हणूनच ती टिकली. पुढे २००५ साली संसदेने त्याच धर्तीवर देशासाठी कायदा केला. या योजनेसाठी पैसा कोठून आला, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. पगारपत्रकावर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये ‘व्यवसाय कर’ म्हणून जे कापले जातात, तो कर १९७५ साली याच कामासाठी बसविला गेला, आणि त्याच्या बरोबरीची रक्कम सरकारने घालावी असे ठरले. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराचा भार उचलावा, ही कल्पना तेव्हा विधिमंडळास अवास्तव वाटली नाही.

आज आम्हांस हवा आहे तो याच जातीचा कायदा. दरड, पूर आणि उष्णता यांचे नकाशे ठराविक वर्षांनी नव्याने करणे त्याने बंधनकारक करावे, आणि त्या नकाशाविरुद्ध दिलेला बांधकामाचा वा खाणीचा परवाना मुळातच अवैध ठरवावा. धोक्यातील वाडी आपत्तीपूर्वी, तेथील माणसांच्या संमतीने आणि पर्यायी जमीन हाती देऊन हलविण्याची मुदत त्यात असावी. उन्हाचाही त्यात विचार हवा. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर भर दुपारच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा उघड्यावर गर्दी जमविण्यास कोणत्या तापमानाला मनाई करावी याचा ठाम नियम कोणाच्या हाती नव्हता. आणि दरसाल काय केले, काय राहिले, याचा अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जावा.

या मागणीविरुद्धचा एक आक्षेप आम्ही गंभीर मानतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या शेतकऱ्याला भय वाटते की, संरक्षणाच्या नावाखाली त्याला स्वतःच्या परड्यात खोली बांधणेही अशक्य होईल. हे भय सर्वस्वी खोटे नाही. वनखात्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना ते शिकवावे लागत नाही. परंतु गाडगीळ समितीचा आग्रह मुळात ग्रामसभेच्या विचारानेच निर्णय व्हावेत असा होता, हे या वादात बाजूस पडले. दुसरा आक्षेप, विकास खुंटेल हा. तो करणारे आम्ही शहरवासीयच असतो. ज्या डोंगरांचा दगड फुटतो तो आमच्याच मनोऱ्यांत व रस्त्यांत येऊन बसतो, हे ध्यानात घेतले तर आपला स्वर थोडा खाली येईल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीने विकसित आणि अविकसित असा भेद केला नाही.

केवळ कायदा झाला म्हणजे भागले, असेही आम्ही मानीत नाही. भूजलाचा कायदा २००९ साली मंजूर झाला. तो अमलात येण्यास २०१४ उजाडले. तेव्हा नव्या विधेयकातच नियम करण्याची मुदत लिहिलेली असावी, आणि ती मोडल्यास संबंधित सचिवाने सभागृहाच्या समितीपुढे खुलासा करावा. विधेयकाचा मसुदा सुबोध मराठीत, इंग्रजीच्या मागून नव्हे तर प्रथम, निदान सह्याद्रीतील प्रत्येक ग्रामपंचायतीत तीन महिने लावून ठेवावा आणि नंतर तो नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मांडावा. मुद्दाम हिवाळीच म्हणतो. त्या दिवसांत डोंगर कोसळत नाहीत, आणि शोकप्रस्तावाची घाईही नसते.