मोटारींनी मोकळ्या केलेल्या वाटा

धरमपेठेतल्या आम्हा निवृत्तांची रविवारची बैठक तर्रीपोह्यांवर सुरू होते आणि गर्दीच्या तक्रारीवर संपते. अंबाझरीच्या काठाला पाय ठेवायला जागा नाही, फुटाळ्याला तर नाहीच नाही. ज्यांची मुले पुण्याला आहेत ते लोहगड सांगतात. तिथे 2023 च्या जुलैत पर्यटक तासन्‌तास वाटेतच अडकून पडले होते. ताडोबा-पेंचला जावे, तर जिप्सीतून पाय खाली टाकण्याची मुभा नाही. मग चालावे कुठे?

माझे म्हणणे साधे आहे. निवांत वाटेसाठी दऱ्याखोरी धुंडाळायला नकोत. जिथे मोटार थेट वर पोचली, तिथली जुनी पायवाट ओस पडलेली असते. नागपूरहून पन्नासेक किलोमीटरवरच्या रामटेकचेच घ्या. डांबरी सडक झाल्यापासून भाविक गडमंदिराजवळ उतरतात, दर्शन घेतात, कालिदास स्मारक पाहतात आणि जेवायला घरी. पण टेकडीच्या पायथ्याशी अंबाळा तलाव आहे. त्याच्या काठी घाट आहेत, देवळे आहेत, आणि तिथून दगडी पायऱ्यांची जुनी वाट गडावर चढते. तलावात स्नान करून पायी वर जायचे, ही पूर्वीची रीत. साध्या दिवशी सकाळी मी ती चढलो, तेव्हा डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई तेवढी भेटली. ''काहून पायी चालले जी? गाडी नाही का?'' तिचा प्रश्न रास्तच होता.

पायी चढणाऱ्याला दम खायला थांबावे लागते, म्हणून त्याला दिसतेही जास्त. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटकांच्या काळातली, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीची देवळे याच टेकडीवर आहेत. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय मिराशींनी हिरिरीने मांडले. पंडितांचा वाद पंडितांपाशी. जवळच्या मनसरला विटांचे प्रचंड अवशेष उत्खननात वर आले. दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे काही अभ्यासक मानतात. तिथे तर वाऱ्याशिवाय कुणाचा आवाज नसतो.

अशा जागा छापून सांगाव्यात का? एक मित्र म्हणाला, ''तू लिहिशील आणि तिथेही भेळेच्या गाड्या लागतील.'' भीती खोटी नाही. पण आम्हा बँकवाल्यांना ठाऊक आहे, दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय ठरते. वाटेला तेवढाही अवधी मिळत नाही. एका पावसाळ्यात घाणेरी आडवी येते, आणि पुढे पायरीचा दगड कुणाच्या ओट्याला जातो. गर्दीने वाट खराब होते, पण पाऊलच पडले नाही तर ती उरतच नाही. म्हणून नाव सांगितले.

जायचे तर पाऊस सरल्यावर, एसटीने, उजाडताच निघा. रामनवमी आणि त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा तेवढी टाळा. वानरे फार आहेत. खाऊची पिशवी हातात दिसू देऊ नका.